रेसच्या मोटारींची पेटी

आमच्या घरात लेकरू नव्हतं, पण खेळण्यातल्या रेसच्या मोटारी डझनभर होत्या. ही गोष्ट मी शेजारणींपासून कितीतरी वर्षं लपवून ठेवली. लहान पोराने पत्र्याची मोटार फरशीवर पळवली तर कोणी वळूनही बघत नाही. पण नऊवारी नेसलेली, कपाळाला कुंकवाची चिरी लावलेली बाई दार लावून मोटारी पळवते म्हटल्यावर लोक काय म्हणाले असते, ते मी मनातल्या मनात हजार वेळा ऐकलं होतं.

पहिली मोटार मला अकोल्याला मिळाली, परकर-पोलक्याच्या वयात. माझ्या वडिलांचा मोर्णा नदीच्या काठी भाजीपाल्याचा मळा होता. तिथली वांगी, टमाटे, कोबी गावातल्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर जायचे. साहेबाची बदली झाली तेव्हा मडमेने सामान आवरताना एक मोडकी मोटार वडिलांच्या रिकाम्या टोपलीत टाकली. हिरवी, लांब नाकाची, मागे निमुळती होत गेलेली. अंगावर आकडा रंगवलेला आणि आत टोपी-चष्मा घातलेला वीतभर मोटारीतला बोटभर माणूस. तिच्या आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटलेली होती, चावी नुसतीच गरगर फिरायची. मी ती हाताने ढकलायची. अशा मोटारी परमुलखात शर्यतीत पळतात, हे वडिलांनी साहेबाच्या खानसाम्याकडून ऐकून मला सांगितलं होतं.

लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा लुगड्यांच्या घडीत ती मोटार होती. माझे यजमान दर्यापूरकडच्या शेतकरी घरातले. घरात पहिलेच मॅट्रिक झालेले, सरकारी कचेरीत कारकून. त्यांना ती सापडली तेव्हा मी मान खाली घालून उभी राहिले. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी घड्याळजीकडे नेऊन त्यांनी तिला नवी कमान बसवून आणली आणि म्हणाले, "चाल, पाहू कशी पयते ते."

तिथून तो नाद दोघांचा झाला. बाजारात वह्या-दौती विकणारं एक दुकान होतं. दिवाळीच्या सुमारास तिथं साहेबांच्या मुलांसाठी म्हणून मुंबईहून खेळणी येत. त्यातली एखाद-दुसरी मोटार हे दर वर्षी घेऊन यायचे. संध्याकाळी दार लावून आम्ही फरशीवर खडूची सरळ रेघ ओढायचो. हे एका भिंतीशी, मी दुसऱ्या भिंतीशी. मोटार रेघेवरून किती सरळ जाते, वळते तर कुठल्या अंगाला, सतरंजीवर चढते का, पडली तर चाक निखळतं का, पत्र्याची कड बोटाला लागते का, ओल्या फडक्याने रंग निघतो का, असं सगळं मी तपासायची. मुलांच्या एका मराठी मासिकात खेळण्यांची पारख करणारं लिखाण मागवलं होतं. मी भीतभीत एक लेख पाठवला. तो छापून आला, आणखी मागितले. खाली माझं नाव नसायचं, 'एक भगिनी' एवढंच असायचं.

त्यातल्या एकात मी एका तांबड्या जर्मन मोटारीची आणि एका हिरव्या विलायती मोटारीची तुलना केली होती. विलायती मोटार दिसायला देखणी असली तरी भिंतीकडे वळते आणि जर्मन मोटार शेवटपर्यंत रेघ सोडत नाही, असं मी लिहिलं. खरं तेच लिहिलं होतं. तो अंक घरी आला आणि थोड्याच महिन्यांनी जर्मनीशी लढाई सुरू झाली.

सुरुवातीला आम्हाला काही वाटलं नाही. लढाई लांब होती. मग कचेरीत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे, शत्रूचा माल घरात असणाऱ्यांची नोंद होणार. कोणी म्हणे, नागपूरहून तसा हुकूम निघालासुद्धा. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर नागपुरातून चाले, त्यामुळे नागपूरचं नाव घेतलं की अफवेलाही वजन यायचं. हे घरी आले की आधी दाराची कडी लावायचे. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर हे सगळ्या मोटारी पालथ्या घालून बसले होते.

"हे पाह्य," ते म्हणाले. "पोटाखाली जर्मनी लिवलं हाय. या दोनवर जपान हाय."

"मले माईत हाय. पण आपल्या घरी कोण येते पाहाले?"

"आले म्हंजे?" म्हणत त्यांनी मोटार सुलटी करून ठेवली. मग म्हणाले, "अन् तू लिवलं, जर्मन मोटार सरस हाय म्हनून."

"खाली नाव कुठी हाय माहं?"

"छापनाऱ्याले तं माईत हाय."

तोवर माझ्या मनात हे आलंच नव्हतं. त्यांनी बोलून दाखवलं आणि मी उठून तो अंक लुगड्यांच्या घडीत लपवला.

बेचाळीसची चळवळ पेटली आणि ती भीती आमच्या आळीत चालत आली. आमच्या समोर एक शाळामास्तर राहत. एका सकाळी पोलिसांनी त्यांना नेलं. मी खिडकीच्या फटीतून सगळं बघत होते. त्यांच्या बायकोने भरलेले डाळीचे डबे शिपायांनी ओट्यावर उलटे केले, गाद्या उसवल्या, देव्हारासुद्धा हलवून पाहिला. मास्तरीणबाई दाराला टेकून उभ्या होत्या. रडतही नव्हत्या. त्यांचा हात सारखा पदराचं टोक पिळत होता, एवढंच मला आठवतं.

त्या दिवशी यजमान जेवले नाहीत. चाकू घेऊन बसले आणि तांबड्या मोटारीच्या पोटावरची अक्षरं खरवडू लागले. अक्षरं गेली, पण खालचा पांढरा पत्रा चकाकू लागला. रंगीत पोटावर तेवढाच ओरखडलेला चौकोन. कोणी सहज उलटी केली असती तर आधी तिथंच नजर गेली असती. ते दुसरी घ्यायला गेले. मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या. हे तं जास्तच दिसून राह्यलं."

"मंग काय करू? जाळू? पत्रा जयते का?"

शेवटी ठरलं ते असं की सगळ्या मोटारी अकोल्याला माझ्या माहेरी न्यायच्या. वडील मळ्यात कुठंतरी पुरतील, शेणखताच्या उकिरड्यात कोण हात घालणार! मी जुन्या लुगड्याचे तुकडे फाडून एकेक मोटार गुंडाळली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवली. निघायच्या सकाळी यांना काय वाटलं कोण जाणे. तांबडी मोटार त्यांनी पुन्हा बाहेर काढली, म्हणाले, "एकडाव पयवू तिले." चावी दिली. तेवढ्यात शेजारीण विरजण मागायला दारात आली. यांनी घाईने मोटारीचा चाकं अडवणारा खटका लावला, ती तशीच चावी दिलेली मोटार फडक्यात गुंडाळली आणि पेटीत कोंबली. पुढचं सगळं त्यातून झालं.

अमरावतीहून बडनेऱ्याला आलो आणि अकोल्याच्या गाडीची वाट पाहत बसलो. तारा तोडणं, रूळ उखडणं असले प्रकार कानांवर येत होते, म्हणून स्टेशनावर पोलीस होते. एक शिपाई सामान बघत बघत आमच्यापाशी आला.

"पेटीत काय हाय?"

खेळणी आहेत, एवढं म्हणायचं होतं. पण यांचे ओठ हलले आणि आवाज आला, "भांडे हायेत. सासऱ्याच्या घरचे."

शिपायाने पेटी एका हाताने उचलून पाहिली. "हलकी लागते," म्हणाला, आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे गेला. माझं पोलकं पाठीला चिकटलं होतं. मी यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आम्ही दोघं तिथंच उठून पळालो असतो.

गाडीला खूप गर्दी होती. पेटी बाकाखाली सरकवली आणि तिच्यावर मी पाय ठेवले. मूर्तिजापूर गेलं. बाहेर कपाशीची शेतं मागे पळत होती आणि मला जरा श्वास यायला लागला होता. पुढच्या स्टेशनाआधी गाडीने जोराचा हिसका दिला. माझ्या पायाखाली काहीतरी थरथरलं आणि पेटीतून आवाज आला.

घर्रर्र.

मग थांबला. पुन्हा हिसका, पुन्हा घर्रर्र. मोटारीचा खटका सुटला होता. चाकं पेटीच्या पत्र्याला घासत होती, मध्येच फडक्यात अडकत होती, पुन्हा सुटत होती. घरी फरशीवर किती नाजूक आवाज यायचा तिचा! पत्र्याच्या पेटीत तोच आवाज जात्यासारखा घुमत होता.

समोर बसलेल्या म्हाताऱ्याने कान टवकारले. "काय वाजून राह्यलं हो?"

"मायबाई," त्याच्या शेजारची बाई लेकराला छातीशी धरून उठली, "या बाईच्या पायाखाली वाजून राह्यलं!"

"काय नाई, काय नाई," मी म्हणाले. "खेळनं हाय."

"खेळनं असं वाजते का?" कोणीतरी मागून म्हणालं. आणि मग कोण बोललं ते कळलं नाही, पण तो शब्द डब्यात पडला. "बाँब हाय! पेटीत बाँब हाय!"

माणसं माणसांवर चढली. लेकरं किंचाळायला लागली. मी कमरेची किल्ली काढून पेटी उघडायला वाकले, तर चार जण एकदम ओरडले, "उघडू नोको! उघडू नोको वं!" कोणीतरी माझा हात मागे ओढला, बांगड्या फुटल्या. गाडी तोवर एका लहानशा स्टेशनात शिरत होती. थांबायच्या आधीच लोक खाली उड्या टाकत होते. शेजारच्या डब्यातले पोलीस धावत आले. त्यांच्यात बडनेऱ्याचा तो शिपाईही होता. त्याने आम्हाला ओळखलं.

"भांडे व्हते ना पेटीत?" तो यांना म्हणाला.

यांनी माझ्या हातातल्या किल्लीकडे बोट दाखवलं.

पेटीला हात लावायला कोणी तयार होईना. शेवटी पोलिसांचा जमादार लांबूनच यांच्यावर खेकसला, "तूच उचल. काई झालं तं तुलेच होईन." स्टेशनाच्या मागे जनावरांसाठी पाण्याचा हौद होता, तिथं न्यायला सांगितलं. यांनी पेटी दोन्ही हातांत धरली आणि चालू लागले. मागे बंदुका. हात अंगापासून लांब, मान एका बाजूला वळवलेली, डोळे अर्धवट मिटलेले. आत मोटारी आहेत हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. तरी त्यांना तसं चालताना पाहून मीही दोन पावलं मागे सरले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना विचारलं, तुम्ही एवढे का भ्याला होतात? ते म्हणाले, "मलेही वाटलं ना, खरंच बाँब असला तं?"

पेटी हौदात टाकली. ती आधी तरंगली, मग एका कोपऱ्याने कलली आणि बुडबुडे सोडत तळाला गेली. लोक लांब झाडाखालून बघत होते. मी ओरडले, "अवो, रंग जाईन त्याईचा!" त्या वेळी तोंडून हेच निघालं. जमादार माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघू लागला.

अकोल्याहून पोलिसांचा साहेब येईपर्यंत आम्हाला तिथंच थांबवलं. गाडी पुढे निघून गेली. यांचे हात दोरीने बांधून स्टेशनमास्तरच्या खोलीत बसवलं आणि मला बाहेर बाकावर. मी हौदाकडे पाठ करून बसले होते. आत ते काय सांगत असतील? त्यांनी एक सांगितलं आणि मी दुसरं सांगितलं तर? भांड्यांची थाप पुढे चालवायची की सोडायची? मास्तरीणबाईंचा पदर पिळणारा हात डोळ्यांपुढे येत होता. खाली पाहिलं तर माझा हातही तेच करत होता.

साहेब आला तेव्हा उन्हं कलली होती. मराठी माणूस होता, मधल्या वयाचा, थकलेला. त्याने पेटी वर काढायला लावली, माझ्याकडून किल्ली घेतली आणि स्वतः उघडली. पाणी भळभळ वाहून गेलं. मग त्याने ओल्या चिंध्या सोडत एकेक मोटार स्टेशनमास्तरच्या टेबलावर ठेवली. तांबडी, निळी, हिरवी, पांढरी. त्यांच्या पोटांतून पाणी ठिबकत होतं. एक शिपाई हसला. साहेबाने त्याच्याकडे पाहिलं तसा गप्प झाला.

साहेबाने एक उलटी केली. "जर्मनी," त्याने वाचलं आणि बाजूला ठेवली. मी डोळे मिटले. पण तो पुढच्या मोटारीकडे वळला. दुसरीवर जपान वाचलं, तीही ठेवली. मग तांबडी हातात घेतली आणि थांबला.

"इथं काय होतं? कोणी खरवडलं?"

"मी, साहेब," यजमान म्हणाले.

"का?"

"जर्मनी लिवलं होतं."

"त्या बाकीच्यांवरही लिहिलंय. अहो, या स्टेशनातली निम्मी कुलपं जर्मन असतील. लढाईच्या आधीचा माल आहे. तो कोण विचारतो तुम्हाला? पण हे खरवडलेलं मी विचारणार. भांडी आहेत म्हणून सांगितलंत, ते विचारणार. का सांगितलंत?"

उत्तर मी दिलं.

"भेव वाटलं, साहेब."

"कशाचं?"

"तुमचंच."

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. "मुलं किती तुम्हाला?"

"नाईत."

"मग ही खेळणी कोणाची?"

"माही."

त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा खरा संशय दिसला. बाँब त्याला समजला असता. बिनलेकराची बाई डझनभर मोटारी बाळगते, हे त्याच्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. मी सांगितलं की मी मासिकात खेळण्यांची पारख लिहिते. त्याने यांच्याकडे पाहिलं, यांनी मान हलवली. तरी त्याला पटलं नाही. टेबलावरची तांबडी मोटार त्याने माझ्याकडे सरकवली.

"करा पारख. माझ्यासमोर."

घरी मी कसं बोलायची ते एक अक्षर आठवेना. मग मी तिला उलटी धरली आणि चाकं बोटाने फिरवली, कारण सुरुवात नेहमी तिथूनच व्हायची. बोलू लागले. पुढची चाकं मागच्यांपेक्षा बारीक आहेत, म्हणून वळताना कलंडते. आस पोलादी आहे, वाकत नाही. पत्र्याच्या कडा आत दुमडल्या आहेत, लेकराचं बोट कापणार नाही. रंग भट्टीत भाजून पक्का केलेला दिसतो, एवढा वेळ पाण्यात राहूनही सुटला नाही. ती निळी बघा, तिचा सुटायला लागला. माझा आवाज शेवटपर्यंत चिरका होता, पण मी थांबले नाही. थांबले तर तो दुसरं काही विचारेल याची भीती होती. शेवटी बोट खटक्यापाशी आलं.

"हा खटका सैल हाय, साहेब. हिसका बसला की सुटते. हे मी लिवलं नाई, कावून का घरी हिसका बसतच नाई."

साहेबाने खटका दोन-तीनदा वर-खाली केला. "सैल आहे खरा," तो म्हणाला. मग शिपायाला सांगितलं, "सोड त्यांचे हात."

त्याने आमचा जबाब लिहून घेतला, यांच्या कचेरीला कळवावं लागेल म्हणाला आणि पुढच्या गाडीत बसवून दिलं. मोटारी परत दिल्या. पेटीतून पाणी झिरपून बाकाखाली ओघळत होतं आणि लोक पाय वर घेऊन बसले होते.

माहेरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "पुराच्या का मंग?" त्यांनी विचारलं. पुरायचं काही कारण उरलं नव्हतं. मी मळ्याच्या बांधावर मोटारी उन्हात वाळत घातल्या आणि पोटं खोलून आत तेल सोडलं. चार-पाच वाचल्या. बाकीच्या आतून गंजल्या, चावी फिरेना. मडमेची हिरवी त्यांच्यातच गेली.

पुढचे कितीतरी महिने आम्ही कचेरीतल्या बोलावण्याची वाट बघत काढले. दारावर कोणीही थाप मारली की हे आधी मागच्या दाराकडे बघायचे. शेवटी कचेरीतल्या साहेबांनी बोलावलं, झाडलं, आणि यांची बदली धामणगावला करून विषय मिटवला. नोकरी राहिली. पण यांची झोप गेली. घरातलं गजराचं घड्याळ त्यांनी विकून टाकलं. गिरणीचा पट्टा जरी घरघरला तरी रस्त्यात थबकायचे. मोटारी मी माळ्यावर टाकल्या, मासिकाला लिहिणं बंद केलं. त्यांच्यासमोर चावी हा शब्दसुद्धा मी काढत नसे.

लढाई संपल्यावर एकदा ते कामाने अमरावतीला गेले होते. संध्याकाळी परत आले ते सरळ ओट्यावर बसले. मग कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. आत बोटभर लांबीची, ओतीव, जड अशी रेसची मोटार होती. नवी, पांढरी, रबरी चाकांची.

"हिच्यात कमान नाई," ते म्हणाले. "चावी नाई, खटका नाई. मी दुकानात चांगली कानाले लावून पाह्यली."

"मंग द्या ना हाती."

त्यांनी ती पुडी बोटाने माझ्याकडे ढकलली आणि स्वतः जरा मागे सरकून बसले.

"आंधी तू उचल," ते म्हणाले.